पालखीतले धोंडे

सोनगिरीच्या राजधानीत पायी चालणं कमीपणाचं झालं होतं. प्रधानजी शेजारच्या घरीसुद्धा मेण्यातून जात, मग महाराजांचं तर विचारायलाच नको.

देवीच्या जत्रेला महाराजांची पालखी गडावर निघाली आणि चार पायऱ्या चढताच भोयांनी ती खाली टेकवली.

"सात वर्षांपूर्वी तुम्ही चौघांनीच मला पळत वर नेलं होतं," महाराज कडाडले. "आता अंग चोरता? उद्यापासून तुमची चाकरी बंद."

म्होरक्या रखमाजी हात जोडून म्हणाला, "सरकार, एकदा आमची परीक्षा घ्या, मग खुशाल घालवा."

राज्याभिषेकाच्या दिवशी राजाला तोलून तेवढ्या वजनाचे धोंडे पायथ्याच्या देवळात ठेवायची तिथे रीत होती. रखमाजीने महाराजांच्या नावाचे धोंडे आणून पालखीत भरले. चौघांनी पालखी उचलली, गाणं म्हणत गड चढले, धोंडे देवीपुढे ठेवले आणि रिकामी पालखी घेऊन परत आले.

महाराज अजून घाम पुसत पायरीवरच बसले होते. "काय ठरलं परीक्षेत?"

"सरकार, अभिषेकाच्या दिवशी जेवढे होता, तेवढे महाराज आम्ही देवीपाशी पोचवले. सात वर्षांत जे वाढले, तेवढेच इथे उरलेत. तेवढ्यांनी पायी यावं."

प्रधानजींनी तोंडावर उपरणं धरलं. महाराजांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग रखमाजीकडे.

"चाकरी राहिली तुमची," ते म्हणाले. "आता माझे जोडे कुठे आहेत, ते कोणाला ठाऊक असेल तर सांगा."