तळ्याचं बेणं

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून तीन दिवस डोकं खाल्लंत. मला काय दुसरा उद्योग नाही? सांगतो एकदाच. मध्ये बोलायचं नाही, आणि झोप आली तर तिथंच आडवं व्हायचं.

तर एका गावात एक तळं होतं आणि त्या तळ्यावर जीव टाकणारा एक सरपंच होता. माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ. फक्त स्वच्छतेचं वेड भारी. त्याच्या अंगणात वाळकं पान पडायलासुद्धा भीत असे.

त्या तळ्याचा गाळ दर तीन वर्षांनी सगळं गाव मिळून काढायचं. पण उगवतीच्या कोपऱ्याला कुणी फावडं लावत नसे. तिथं लव्हाळा माजलेला, पाणकणसं डोक्याएवढी, खाली गुडघाभर चिखल. बेडूक, गोगलगायी, टिबुकलीची घरटी, सगळी गर्दी तिथं. जुनी माणसं त्याला बेण्याचा कोपरा म्हणायची.

सरपंचाला तो कोपरा डोळ्यांत खुपायचा. पाहुण्यापुढं मळकं धोतर नेसून बसलेल्या आजोबासारखा. त्यानं ठरवलं, यंदा तळं घासलेल्या ताटासारखं करायचं.

तळ्यात मासे धरणारी एक म्हातारी भोईण होती. ती आडवी आली.

"लेका, सगळं काढ, एवढा कोपरा सोड. ते तळ्याचं बेणं आहे."

"आजी, पुढच्या लागवडीला राखलेलं हळदीचं बेणं ऐकलंय. चिखलाचं कसलं बेणं?"

"ऐकलं नाहीस म्हणून सांगते ना."

सरपंच हसला. पंचायतीनं ठराव केला. लव्हाळा पेटवला, चिखल उपसला, चारी बाजूंनी दगड बसवले. त्याच कोपऱ्यात सरपंचाच्या नावाची पाटी लागली. सभा झाली, हार झाले. भाषणाच्या भरात सरपंच म्हणाला, "आमचं तळं बघा आणि खालच्या गावाचं ते डबकं बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक काय, वाजवतात.

पावसाळ्यात तळं भरलं. पाणी असं नितळ की वाकून मिशी विंचरावी. पण एक बेडूक ओरडला नाही. टिबुकली आली, दोन घिरट्या घातल्या, निघून गेली. म्हशी दगडावरून घसरायच्या, म्हणून काठावरच उभ्या राहायच्या.

दिवाळीला पाणी हिरवं झालं आणि वास मारायला लागलं. पाण्यात डासांची पिल्लं वळवळू लागली. त्यांना खायला ना मासा, ना बेडूक, ना चतुर. घरोघरी ताप आला. सरपंचाची आई चार घोंगड्या घेऊन कुडकुडत पडली. पंचायतीनं औषध मारलं. डास आठ दिवस गेले आणि भाऊबंद घेऊन परत आले.

सरपंच भोईणीच्या दारात जाऊन बसला.

"आजी, आता?"

"बेणं आणायचं. खालच्या गावातून."

"तिथं कोणत्या तोंडानं जाऊ? भर सभेत डबकं म्हणालोय. गडी पाठवतो."

"डबकं गडी म्हणाला होता का?"

सरपंच उठला, घरी गेला. आईच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली आणि निघाला.

खालच्या गावाची सरपंच बाई होती. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

"या पाव्हणं. वाट चुकलात?"

"नाही ताई. चिखल मागायला आलोय. चार गाड्या."

बाईनं हातातली शेंग खाली ठेवली. "आमच्या डबक्यातला चालेल तुम्हाला?"

सरपंचानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "ताई, मी बोललो ते चुकलं. तुमचं तळं जितं आहे. मी माझं मारलं. माफ करा, आणि माझ्यावरचा राग माझ्या गावावर काढू नका."

बाईनं मूठभर शेंगा त्याच्यापुढं सरकवल्या. मग म्हणाली, "चार काय, सहा न्या. पण ठेवणार कुठं? दगडावर? आधी तो कोपरा मोकळा करा."

तो कोपरा म्हणजे पाटीचा. सरपंचाचं नाव तिथंच. पंच म्हणाले, "दुसरी बाजू फोडू." भोईण म्हणाली, "पाणी सगळ्यात शेवटी तिथं आटतं. बेणं तिथंच जगतं." सरपंचानं कुणाकडं बघितलं नाही. पहार घेतली आणि पहिला घाव आपल्याच पाटीवर घातला.

माघात पाणी उतरल्यावर ओल्या पोत्यांखाली झाकून चिखल आला. त्यात कंद होते, गोगलगायी होत्या, थंडीनं दडून बसलेले बेडूक होते. भोईणीनं हंड्यातून माशांची पिल्लं आणली. मग दोन्ही पंचायती एकत्र बसल्या आणि ठराव झाला: कोपऱ्याला फावडं नाही, लव्हाळ्याला काडी नाही, पाखरांची पिल्लं उडेपर्यंत तिकडं गुरं नाहीत. आणि दोन्ही तळ्यांचा गाळ एका साली काढायचा नाही. एकाचं बुडालं तर दुसऱ्याकडं बेणं राहावं.

पुढच्या पावसाळ्यात बेडकांनी असा गोंगाट मांडला की काय सांगू. सरपंचाची आई आता ठणठणीत होती. ती ओरडली, "अरे, तुझे बेडूक झोपू देईनात मला."

"आई, कानात बोळे घाल," सरपंच म्हणाला, आणि स्वतः खिडकी उघडून ऐकत पडला.

तात्पर्य: गावाचा कारभार करणाऱ्यानं पाखराबेडकांचा कोपरा राखावा, तेच गावाचं बेणं असतं. आणि चुकून उपटलंच, तर मागायला स्वतः जावं, चूक कबूल करावी.

माफी मागून त्या सरपंचाचं नाक काही झडलं नाही. आपल्या सरपंचाला ओढ्याकाठचं करंज तोडू नको म्हणालो, तर मला चारचौघांत येडा म्हातारा म्हणाला. करंज गेलं, काठ वाहून गेला, तरी अजून माझ्या दाराकडं फिरकलेला नाही तो भगवान गडदे.