हौसाबाईच्या बारा कोंबड्या

“या क्षणी मोकळं करा त्यांना!” राजा चंडप्रताप घोड्यावरूनच गरजला.

हौसाबाई मेथी खुडता खुडता उठून उभी राहिली. नदीकाठच्या तिच्या मळ्यात बारा कोंबड्या पालथ्या डालग्यांखाली कोंडलेल्या होत्या. राजाने परवाच वाड्यातले पोपट उडवून दिले होते, आणि तेव्हापासून कुठेही कुणी कोंडलेलं दिसलं की त्याला गहिवरून येई.

“महाराज, सोडल्या तर वाफे उकरतील की!”

“वाफ्यांना धक्का लागायचा नाही! इथली भाजी आमच्या मुदपाकखान्यात येते.”

“मग कोंबड्या मळ्याबाहेर नेते.”

“मुळीच नाही! इथेच बारा कोंबड्या राहतील. दोरी नको, डालगं नको, कुंपण नको. पंधरा दिवसांनी आम्ही येऊ. एक वाफा जरी उकरलेला दिसला, तर मळा सरकारजमा!”

“काय ही करुणा!” सोबत आलेल्या प्रधानाने डोळे पुसले.

हौसाबाईचं पोट त्या मळ्यावर होतं. तिने थोडा वेळ कपाळाला हात लावला, मग दोन कोंबड्या काखोटीला मारल्या आणि शेजारच्या पारूचं दार गाठलं.

“पारू, तुझी खुडूक कोंबडी मला दे. ही अंडी देणारी तुला घे.”

पारू बघतच राहिली. खुडूक कोंबडी म्हणजे घराला कटकट! अंडं देत नाही, उबवायच्या नादात जागची हलत नाही, हात लावला तर टोचते. पाण्यात बुडवून काढली तरी पुन्हा तिथेच जाऊन बसते.

“हौसाक्का, डोकं ठिकाणावर आहे ना?” पारूने विचारलं, पण ते ठिकाणावर यायच्या आत तिने अदलाबदल उरकून घेतली. गावातल्या बाकीच्या बायकांनीही तेवढीच घाई केली.

बारा खुडूक कोंबड्या जमल्या. हौसाबाईने वाफ्यांच्या मधे पेंढ्याची बारा घरटी केली. प्रत्येकीखाली दहा-दहा अंडी ठेवली, चोचीजवळ दाणे आणि पाणी.

पंधराव्या दिवशी राजा प्रधान-सरदारांसह आला. मेथी टवटवीत, वांगी तुकतुकीत, आणि मधे बारा कोंबड्या अर्धे डोळे मिटून ढिम्म बसलेल्या!

“हिने पाय बांधलेत!” असं म्हणत प्रधानाने दोरी शोधायला एकीच्या पोटाखाली हात घातला, आणि बोंबलतच बाहेर काढला. बोटातून रक्त आलं. दोरी काही मिळाली नाही.

राजा चकित झाला. “बाई, मोकळ्या कोंबड्या हलत कशा नाहीत? ही युक्ती शिकलीस कुठे?”

“आपल्या दरबारात, महाराज.”

“दरबारात?”

“भाजी घेऊन येते तेव्हा दारातून बघते ना! कुणाला दोरी नाही, डालगं नाही, तरी एकही सरदार जागचा हलत नाही. म्हटलं, प्रत्येकाच्या खाली काहीतरी उबत असणार!”

सरदार एकमेकांकडे बघू लागले. राजा मात्र इतका हसला, की घोडा बिथरला. हसू आवरल्यावर त्याने मळ्याचा सारा हौसाबाईला वंशपरंपरेने माफ करून दिला, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंतचे सहा दिवस त्या बारा जणींना दाणा-पाणी घालायची कामगिरी प्रधानावर सोपवली!