टोकाच्या मळ्याचं पाणी

फार पूर्वी एका राज्यातला राजा भलताच माजला होता. लेकींच्या लग्नांसाठी गावोगावची कोठारं रिकामी करून न्यायचा आणि हूं की चूं करणाऱ्याला कोठडीत टाकायचा. वाईटच होता तो. त्याच्यासाठी गळा काढायला ही गोष्ट सांगत नाही.

त्या राज्यातल्या एका गावात नदीच्या बंधाऱ्यावरून पाट यायचा. पाटाच्या अगदी टोकाला एका बाईचा केळीचा मळा होता. शेतांना पाणी सोडायला राजाचा एक पाटकरी होता. राजाच्या पणजोबापासूनची रीत तो पाळायचा: पहिलं पाणी टोकाच्या मळ्याला, मग एकेक शेत वर चढत शेवटी बंधाऱ्याजवळच्यांना. वरचे कुरकुरायचे. तो म्हणायचा, "तुम्ही पाण्याच्या कुशीतच बसलाय की. तुमचं काय अडतंय?"

एके दिवशी प्रजा उठली आणि राजा पळाला. लोक नाचले. बाईही नाचली, तिचा भाऊ राजाच्या कोठडीत मेला होता. चावडीपुढे सभा भरली. ठरलं की राजाचा एकही माणूस, एकही रीत गावात ठेवायची नाही.

"मग पाटकऱ्याचं काय?" कुणीतरी विचारलं.

बंधाऱ्याजवळच्यांना बोलायची गरजच पडली नाही. बाईच उठली. "त्याच्या कमरेला राजाचा पट्टा आहे. त्यालाही हाकला."

पाटकरी म्हणाला, "वहिनी, पट्टा सोडतो, गावही सोडतो. रीत तेवढी राहू द्या."

"राजाची रीत राजाबरोबर. तू आम्हाला शिकवू नकोस."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात वरच्यांच्या.

त्या उन्हाळ्यात ज्याने त्याने आपल्या शेतापुरता पाट फोडला. टोकाला ओलसुद्धा पोचेना. बाई वर गेली. "बाबांनो, माझं पाणी?"

"काकू, रीत तूच मोडलीस," वरचा हसला. "आता सगळे मोकळे. पाणी पोचलं तर तुझंच आहे की."

केळी उभ्या वाळल्या. बाई शोधत शोधत शेजारच्या गावी गेली. पाटकरी तिथे दोर वळत होता. त्याने तिला घोंगडी अंथरून दिली, गूळपाणी दिलं, एकही टोमणा मारला नाही. तेच तिला जास्त लागलं.

"परत चल," ती म्हणाली.

"मी येईन हो. पण वरच्यांनी आता ऊस लावलाय. ते माझं कशाला ऐकतील? तेव्हा त्यांना राजाचा धाक होता. त्या दिवशी सभेत तुम्ही म्हणाला असतात, ही रीत आता आमची, तर गावाचा धाक राहिला असता."

बाई म्हातारी झाली. तिचे नातू आता वरच्यांच्या उसात मजुरी करतात. राजा पळाला त्या दिवसाचा दरवर्षी सण होतो. वरचे भाषणं ठोकतात, लाडू वाटतात. असाच एकदा लाडू खाता खाता नातवाने विचारलं, "आजी, राजा होता तेच बरं होतं का गं?"

"मुळीच नाही," म्हातारी म्हणाली. "माझा भाऊ खाल्ला त्याने. तो गेला ते चांगलंच झालं. पण तो गेल्यावर जे करायचं होतं, ते आम्ही केलं नाही."

तात्पर्य, ऐकणाऱ्याने ऐकावं: जुलमी माणसाला जरूर हाकला, पण त्याच्या हातात न्यायाची एखादी रीत असेल तर ती आधी काढून आपल्या हातात घ्या. नाहीतर ती बळकटाच्या पायाखाली जाते.