बायनाच्या हातचा चुना

फार फार मागची गोष्ट, ऐका. आज वाळागल्लीतून मोटारी जातात ना, तिथं ताराचंद शेठची हवेली उभी राहत होती. शेठचा व्यापार अत्तराचा. भिंतींचा चुना मळायला बायना होती. एकटी बाई, पोटाला एवढं एकच काम. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून ती असा चुना मळायची, की वाळल्यावर त्यात खिळाही शिरत नसे, असं म्हणतात.

एकदा तिला जबर सर्दी झाली. सावलीत दोन माठ होते. एकात हिरड्याचं पाणी, दुसऱ्यात शेठनं उन्हाळाभर काढलेला वाळ्याचा अर्क. बायनानं अर्काचा माठ उचलला आणि सगळा चुन्यात ओतला. तिला वासच आला नाही.

येसू गवंडी थापी टाकून धावला. "अगं बये, नाक काय गावाकडं ठेवून आलीस?"

शेठ आले. बायना चुन्याच्या हातांनीच उभी राहिली. "शेठ, हाकलू नका. नाक चोंदलंय, पण हात चांगले आहेत माझे."

शेठ त्या ढिगापाशी वाकले. मग बोटभर चुना त्यांनी नाकाशी धरला. "येसू, दर्शनी भिंतीला हाच लाव. आणि बायना, आधी काढा पी."

त्या भिंतीवर पाणी मारलं, की अख्खी गल्ली गार होई. उन्हातान्हातला हमाल तिला पाठ टेकून बसे, आणि उठताना त्याचं ओझं हलकं झालेलं असे, असं म्हणतात. शेठ गेले, बायना गेली, वास राहिला.

पुढं रस्ता रुंद करायला हवेली पाडली. पहिली कुदळ बसली आणि वाळ्याचा वास थेट नदीपलीकडं गेला. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. संध्याकाळपर्यंत बायकांनी चुन्याची ढेकळं पदरातून घरी नेली.

अजूनही त्या भागात घर बांधताना सिमेंटच्या पहिल्या घमेल्यात त्या चुन्याची चिमूट टाकतात. घरची बाई म्हणते, "बायना, हात लाव गं." आणि ते काम पुरं होईपर्यंत कुणाच्या हातून काहीही चुकलं, तरी त्याला कामावरून काढत नाहीत. आधी विचारतात, "बरं नाही का रे तुला?"