चाळीस अंगठ्यांची वही

“पडवळ सोडलंस? आवडतं का गो तुला पडवळ?”

बुवांनी असं विचारलं आणि मी खाली पाहिलं. चातुर्मासाचा माझा नेम होता तो. चार महिने पडवळ वर्ज्य. मोठ्या भक्तीने, देवापुढे हळदकुंकू वाहून संकल्प सोडला होता.

“नाही बुवा. लहानपणापासूनच नाही खात.”

“मग त्या पडवळाला कळलं तरी का, तू त्याला सोडलंस ते?”

ओसरीवरच्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, काय करणार? माझ्या शेजारची सुगंधा गावडे तर इतकी हसली की तिच्या हातातली हिराची काडी मोडली.

आडवेकोंडच्या मठात गुरुपौर्णिमेला गावजेवण असतं. स्टीलची ताटं कधीच आली, पण त्या दिवशी जेवण पानावरच. म्हणून दोन दिवस आधीपासून आम्ही बायका फणसाची पानं माडाच्या हिराच्या काड्यांनी टाचत बसतो. मठाचे सदूबुवाही आमच्यात बसतात. ऐंशी उलटली त्यांची. त्यांची पत्रावळ वाकडी होते, पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी म्हणून सुगंधाही आली होती. टेकडीखालच्या काजूच्या कारखान्यात ती चौदा वर्षं बिया फोडते.

आणि तेवढ्यात कारखान्याचे मालकच आले.

“बुवा, पेढे!” जयवंतशेठ पायरीवरूनच ओरडले. लहानपणापासून मठात येणारे, बुवांचे लाडके शिष्य. काखेत एक वही होती.

“कसले रे?”

“करार झाला! आपल्या देशाचा आणि समुद्रापलीकडच्यांचा. आपला काजूगर तिथे आता बिनजकात जाणार. सहा वर्षं बोलणी चालली होती. दिल्लीतल्या दोन बैठकांना मी स्वतः होतो.”

“अरे वा. काय लिहिलंय त्यात?”

“नऊशे पानं आहेत, बुवा.”

“तुझ्या वाटणीची सांग.”

शेठ बसले. मांडी घातली, पण मान ताठच.

“एक प्रकरण जकातीचं. एक कामगारांचं. एक झाडापाण्याचं, हवेचं. दिवस बदलले, बुवा. नुसता माल चांगला असून भागत नाही. तो करणाऱ्या माणसाचे हाल झालेले नसावेत, आसपासचं पाणी नासलेलं नसावं, असं लिहूनच घेतात आता.”

बुवांनी हात जोडले. थट्टेने नव्हे, अगदी मनापासून.

“ज्याने लिहिलं त्याचं भलं होवो.”

“मग! मी म्हणत नव्हतो...”

“आणि मोडलं तर?”

“काय मोडलं तर?”

“जकातीचा शब्द मोडला तर?”

“लवाद बसतो. दंड होतो. कोणी कोणाला सोडत नाही.”

“कामगारांचा मोडला तर?”

“... चर्चा.”

“झाडापाण्याचा?”

“तीही चर्चाच. म्हणजे समिती असते. एक सरकार दुसऱ्या सरकारशी बोलतं.”

“असं...” बुवांनी एक पान उचललं. “म्हणजे जकात सोवळ्यात, आणि बाकीची मंडळी ओसरीवर.”

आम्ही तोंडाला पदर लावले.

बुवांनी पानावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. आषाढाचा पाऊस पडून गेला होता, तरी ती तेलकट काजळी पानाला चिकटून होती.

“हा फणस तुझ्या कारखान्यामागचा. ही काजळी कुठल्या प्रकरणात बसते?”

“... तिसऱ्या.”

“मग हे पान तुझ्या पत्रावळीला. पुनवेला तुला यावरच वाढू.”

सगळे हसले. शेठही हसले, पण जरा उशिरा.

“धुराड्याला जाळी बसवायची आहे, बुवा. मिस्त्रीशी बोलणं झालंय.”

“चर्चा?” बुवांनी विचारलं.

आता मात्र हसू कोणालाच आवरेना. मीच शेठना पाणी आणून दिलं. वाईट वाटलं मला. माणूस पेढे घेऊन आला होता.

पाणी पिऊन शेठनी वही उघडली.

“तुम्ही थट्टा करा. पण तिकडचा खरेदीदार समितीपेक्षा कडक आहे. शनिवारी त्याचा तपासनीस येतोय. त्याने दाखला दिला की आमचा पहिला कंटेनर निघाला. नाही दिला तर सगळं मुसळ केरात. बरं झालं, सुगंधा इथेच भेटली. सगळ्या फोडणाऱ्या बायांचे अंगठे झाले, तुझा एकटीचा राहिलाय.”

“कशावर आंगठो?” सुगंधाने विचारलं.

शेठनी वाचून दाखवलं. “‘हातमोजे मिळाले. रोज वापरते.’ बस्स, एवढंच.”

सुगंधाने हातातलं पान खाली ठेवलं. हसरी बाई ती, पण आता हसली नाही.

“माका सही येता, शेठ.”

“सही चालत नाही. सही कारकूनही ठोकून देईल, असं त्यांचं म्हणणं. अंगठा ज्याचा त्याचाच असतो. म्हणून अंगठाच मागितलाय.”

“मोजे मिळाले का गो?” मी हळूच विचारलं.

“मिळाले मां. कपाटात असत. चावी कारकुनाकडे.”

“कारण तुम्ही घालत नाही!” शेठ एकदम म्हणाले. “वहिनी, देवाशपथ, मी विकत आणले. चांगले, जाड आणले. ह्या बाया दोन दिवस घालतात आणि काढून फेकतात. विचारा तिला!”

“फेकतंय,” सुगंधा म्हणाली. “मोजे घातले की हात बोथट होता. दिसाक दोन किलो कमी फुटतत. आणि तुम्ही पैशे किलोवर देतास. मोजे घालून उपाशी रवू?”

शेठनी शाईची डबी पुढे सरकवली.

सुगंधाने बुवांकडे पाहिलं. अंगठा दिला तर खोट्यावर मोहोर. नाही दिला तर सोमवारी कामावर घेतील की नाही, कोण जाणे. घरात ती एकटी कमावती.

मला वाटलं, बुवा तिला थांबवतील.

“दे गो,” बुवा म्हणाले. “अंगठा खोटं बोलत नाही.”

तिने अंगठा शाईत बुडवला. वहीवर दाबला.

एक काळा ठिपका उमटला. गुळगुळीत, जांभळाच्या बीएवढा.

“नीट लाव. हलला,” शेठ म्हणाले.

तिने पुन्हा लावला. पुन्हा ठिपका.

“शाई जास्त होतेय. पूस आणि लाव.”

पुसून लावला. तिसरा ठिपका. एकही रेघ नाही.

सुगंधाला हसू फुटलं.

“शेठ, रेशनच्या मशीनाक माझो आंगठो तीन वर्सां गावणा नाय. तुमच्या वहीक खयसून गावतलो?”

काजूच्या टरफलात तेल असतं. हात उततात त्याने, सालं निघतात. बाया राख लावतात, खोबरेल लावतात. तरी वर्षानुवर्षं ते तेल कातडी खात राहतं, आणि मग बोटांवरच्या रेघाच निघून जातात.

शेठनी मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. अंगठे कारकुनाने घेतले होते, शेठनी आजवर नीट पाहिलेच नव्हते. नाव, आणि नावापुढे काळा ठिपका. नाव, ठिपका. नाव, ठिपका...

ओसरीवरच्या बायाही पानं ठेवून वहीत डोकावल्या.

“चाळीस जणींची साक्ष आहे रे,” बुवा म्हणाले. “आणि एकीनेही खोटी दिलेली नाही.”

शेठनी पानं परत उलटून सुगंधाचं पान काढलं. मग बोलले ते भांडल्यासारखं, पण आवाजात जोर नव्हता.

“बुवा, मी मजुरी वाढवली तर माझा गर महाग. त्याच बंदरात दुसऱ्या देशांतलाही काजू उतरतो. तिथल्या बायांना कुठे मोजे आहेत? मी एकट्याने काय ते व्रत करायचं?”

“तिथल्या बायांचे अंगठेही असेच?”

“असतील.”

“आणि तिथला शेठ?”

“काय तिथला शेठ?”

“तोही आत्ता कुणा म्हाताऱ्यापुढे बसला असेल. आणि तुझ्याकडे बोट दाखवत असेल.”

शेठना हसू आलं. नको असताना आलं.

बुवांनी त्यांचा उजवा हात ओढला. अंगठा शाईत बुडवला आणि सुगंधाच्या तीन ठिपक्यांशेजारी टेकवला.

काय उमटला म्हणून सांगू! रेघेत रेघ, जसं लावणी झालेलं भाताचं शेत.

“किती देखणा अंगठा रे तुझा, जयवंता,” बुवा म्हणाले. आणि पत्रावळीला हात घातला.

शेठ आपल्या अंगठ्याकडे बघत होते, मग तिच्या... मग पुन्हा आपल्या.

“सुगंधा,” ते शेवटी म्हणाले, “मोजे घालून काम व्हायचं तर काय करायला हवं?”

चौदा वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. पण उत्तर तयार होतं.

“किलो मोजू नकात. दीस मोजा.”

“आणि गर फुटला, तुकडे पडले तर?”

“पडतले. पयलो म्हयनो पडतले. मगे हात शिकतले. ह्या काम तरी माका कोणी शिकवलेला?”

“तुकडे मठात पाठव,” बुवा म्हणाले. “लाडवाला बरे. अख्खा काजू या दातांना पेलत नाही.”

शेठनी पेन काढलं. ‘रोज वापरते’ या शब्दांवर काट मारली. खाली लिहिलं, ‘सोमवारपासून, दिवसाच्या मजुरीवर,’ आणि तारीख घातली.

“तपासनिसाने ही वही पाहून दाखला नाही दिला तर, बुवा?”

“तर उशिरा देईल.”

“कंटेनर अडकेल.”

“अडकेल.”

शेठनी वही मिटली. मग ताठ मान वाकवली, आणि नमस्काराला खाली झुकले. “तर मग नेम म्हणूनच द्या मला हा. नुसत्या करारावर मी टिकेन असा भरवसा नाही, माझा स्वभाव मला माहीत आहे.”

बुवांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हाताची शाई शेठच्या पांढऱ्या केसांना लागली, ती कोणीच सांगितली नाही.

आता माझं सांगते. मीही त्याच संध्याकाळी दुसरा नेम घेतला. घरात येणारी वस्तू कोणाच्या हातची, हे विचारल्याशिवाय ती नैवेद्याला ठेवायची नाही. वाणी पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा कंटाळला. तिसऱ्यांदा म्हणाला, “थांबा काकू, मलाच माहीत नाही, विचारून सांगतो.” एवढं फळ मला पुरे आहे.

तर माझ्या वाचणाऱ्या बायांनो, तुम्हीही एवढा वसा घ्या. काजू असो, साडी असो, चहाची पुडी असो... हातात घेताना विचारा, कोणाचे हात लागले याला, आणि कसे आहेत ते हात? खर्च नाही, उपास नाही.

आणि किती दिवस करायचा, असं विचाराल, तर जयवंतशेठनीही उठता उठता तेच विचारलं होतं.

“किती दिवसांचा नेम, बुवा? चार महिने?”

बुवा पान टाचत होते. वर न बघताच म्हणाले,

“सुगंधाच्या अंगठ्यावर रेघा येईपर्यंत.”