ढम्याचे कागद

त्या सोसायटीच्या लेखी कुत्री दोनच होती: चेअरमन घाटपांड्यांचा धिप्पाड सुलतान आणि एकट्या राहणाऱ्या इंदूताईंचा ढम्या.

भर सभेत घाटपांडे कडाडले, "दोन दिवस गेटपाशी घाण पडलीय! इंदूताई, ढम्याला आवरा. माझ्या सुलतानला शिस्त आहे."

कालच तापातून उठलेल्या इंदूताई सावकाश उभ्या राहिल्या.

"साहेब, ढम्या जाऊन महिना झाला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पण बारा वर्षांची सवय, पहाटे जाग येतेच. कागद घेऊन खाली उतरते, गेटपाशी त्याच्या जागेवर जे दिसेल ते उचलते. हे दोन दिवस तेवढी तापाने पडून होते."

सगळ्यांच्या माना घाटपांड्यांकडे वळल्या.

ताईंनी पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "ढम्याच्या मापाने घड्या घातल्यात. सुलतानला दोन-दोन लागतील."