शेंदूर फासलेला दूत

एका राज्यात राजा नवा होता, सिंहासन नवं होतं, आणि शीव तर इतकी नवी की गुरांनाही ठाऊक नव्हती. त्या मुलखावर करालकेतू मांत्रिकाची सत्ता पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती संपली तेव्हा जाता जाता त्याने काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. अलीकडे राजा सुमेध, पलीकडे राजा भद्रायू. दोघेही स्वतंत्र, दोघेही मानी. मांत्रिक गालातल्या गालात हसत निघून गेला.

सुमेधाने पहिला दूत धाडला, शशिकेत. त्याचा एक पाय रेघेपलीकडे पडला मात्र, जागच्या जागी त्याचा दगड झाला.

आता माणसाचा दगड झाला तर चार आसवं गाळावीत की नाही? पण दोन्ही दरबारांना त्यात आयता शिवेचा दगड दिसला. अलीकडच्यांनी त्याच्या पाठीला शेंदूर फासला, पलीकडच्यांनी छातीला. जो तो म्हणे, दगड आमचा. आणि सुमेधाच्या बाजूने हा दावा लढवायला कोण? शशिकेताची थोरली बहीण, उदयमती. दगड आपला ठरला तर भाऊ घरी नेता येईल, एवढीच तिची आशा. ती रोज शिवेवर जाई, पदरात भाकरीचा तुकडा बांधून. परमुलखातून परतलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची तिच्या घरची रीत होती.

एके दिवशी दगडाच्या माथ्यावरची साळुंकी बोलली, "उदयमती, याच्यावर तिघे हक्क सांगतात. तिघांनी सोडला तर हा उठेल."

उदयमती सुमेधापुढे उभी राहिली. "महाराज, दगड आपला, तर त्याचा पलीकडे पडलेला पायही आपला. म्हणजे आगळीक आपणच केली."

सुमेधाने मिशीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "दगड आमचा नाही."

ती शिवेवर परतली, तेव्हा पलीकडून भद्रायू दगड पाहायला हत्तीवर बसून आला होता. अलीकडूनच तिने त्याला विनवलं, "महाराज, दगड आपला, तर परक्याचा दूत आपल्या हद्दीत मेला. हत्या आपल्या माथी."

"दगड आमचा नाही," भद्रायू झटक्यात म्हणाला.

दगड हलला नाही.

"तिसरा कोण?" उदयमतीने विचारलं.

"तू," साळुंकी म्हणाली. "आणि सोडलेल्याला हाक मारायची नाही. त्याचं मन नेईल तिकडे तो जाईल."

उदयमतीने पदराची गाठ मुठीत धरली. भर दरबारात दावा लढवणारी ती बाई, तिला चार शब्द जुळवता येईनात. अखेर ती म्हणाली, "हा माझा नाही."

शेंदराची खपली गळून पडली. शशिकेताने मागचा पाय पुढे टाकला आणि तडक भद्रायूला मुजरा केला. "महाराज, आमच्या राजेसाहेबांनी विचारलंय, यंदा तुमच्याकडे पीकपाणी कसं आहे?"

निरोप एवढाच होता. भद्रायू हत्तीवरून खाली उतरला. "बरं आहे म्हणावं. तुमच्याकडे कसं आहे?"

तेवढ्या विचारपुशीसरशी मांत्रिकाची रेघ पुसली गेली. शीव राहिली, पण साधी, गुरामाणसांना ओलांडता येईल अशी.

शशिकेत वळला. उदयमतीने ओठ घट्ट मिटून घेतले. तो चालत आला, शीव ओलांडून तिच्यापुढे थांबला.

"ताई," तो म्हणाला, "परमुलखातून आलोय. भाकरतुकडा ओवाळणार नाहीस?"

तिने पदराची गाठ सोडली, आणि मग मनसोक्त रडली.